कापडाच्या फोटोसाठी लाईट स्टँड कसा निवडावा

गांधीबाग, इतवारी आणि मोमीनपुऱ्यातील कापडाचा व्यवहार पूर्वी प्रत्यक्ष माल पाहून होत असे. बाहेरगावचा दुकानदार नागपूरला येई, गादीवर बसून थान उलगडून घेई, कापड चिमटीत धरून पाही आणि मग सौदा ठरे. २०२० च्या टाळेबंदीनंतर हा रिवाज पुष्कळ बदलला. आता उमरेड, काटोल, गोंदियाचे गिऱ्हाईक आधी मोबाईलवर फोटो मागते आणि त्यावरच माल लिहवते. म्हणजे फोटो हाच नमुना झाला. नमुना खोटा निघाला की माल परत येतो, दोन्ही बाजूंचे ट्रान्सपोर्टचे भाडे अंगावर पडते आणि जुने गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यानंतर सौदा कायम ठेवण्याचा किंवा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला दिलेला आहे. त्याला खियारे-रूयत म्हणतात. तेव्हा माल परत आला म्हणून गिऱ्हाइकावर चिडण्यात अर्थ नाही. फोटोतच माल जसा आहे तसा दिसावा, अशी तजवीज आपण करावी.

यासाठी बहुतेक जण आधी चांगला दिवा घेतात आणि तो स्टुलावर ठेवतात, खिळ्याला टांगतात, नाही तर दुकानातल्या पोराच्या हातात देतात. पोराचा हात खाली आला की उजेड बदलतो. सकाळच्या फोटोत जे थान राणी रंगाचे दिसले, तेच दुपारच्या फोटोत गाजरी दिसते. दिवा दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर आणि त्याच कोनात राहिला, तरच दहा थानांचे दहा फोटो एकमेकांशी ताडून पाहता येतात. हे काम स्टँडचे आहे, आणि नेमकी त्याच वस्तूत लोक काटकसर करतात.

स्टँड घेताना पहिली नजर उंचीवर जाते. माझ्या मते ती पायांवर जायला हवी. हिशोब करून पाहा. दिव्यासकट स्टँडचे वजन ३ किलो आहे, दिवा २४० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि मधल्या दांड्यापासून प्रत्येक पायाच्या टोकापर्यंतचे अंतर ४५ सेंटिमीटर आहे असे समजा. स्टँड पडतो तो पायाच्या दिशेने नव्हे, दोन पायांच्या मधल्या मोकळ्या बाजूला; आणि त्या बाजूला आधार निम्माच, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर असतो. अशा स्टँडला वरच्या टोकाशी सुमारे २८० ग्रॅमचा आडवा रेटा लागला तरी तो कलंडतो. एवढा रेटा लहान मुलाच्या हातानेही बसतो. तोच दिवा १२० सेंटिमीटरवर आणला तर दुप्पट रेटा लागेल. आणि दिवा वरच ठेवून दांड्याच्या बुडाशी ५ किलोची वाळूची पिशवी बांधली, तर पाऊण किलोचा रेटाही तो सोसतो. म्हणून ज्याचे पाय रुंद फाकतात असा स्टँड घ्यावा आणि त्याला खाली वजन द्यावे. उंचीचा विचार त्यानंतर.

नागपुरात याला आणखी एक कारण आहे. मार्च उजाडला की आपल्या दुकानात वाळ्याचे कूलर सुरू होतात. ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स किंवा फोटोची छत्री कूलरच्या समोर आली की ती शिडासारखी हवा धरते, आणि वर सांगितलेला २८० ग्रॅमचा रेटा ही हवा सहज देते. फोटो काढताना कूलरचे तोंड फिरवावे किंवा तो बंद ठेवावा. थानाचा पदर हलायचाही थांबतो, हा वरचा फायदा.

दुसरी अडचण आपल्या गादीची. जुन्या पद्धतीच्या दुकानात पांढऱ्या चादरीची कापसाची गादी असते. तिच्यावर स्टँड कधीही उभा करू नये. एक पाय जास्त रुततो आणि दांडा तिरपा होतो. गादीच्या कडेला फरशीवर जागा करावी. तेही शक्य नसेल तर तिन्ही पाय बसतील एवढी जाड प्लायची फळी आधी खाली घालावी.

उंचीबद्दल सांगायचे तर, ज्या गाळ्याला पोटमाळा आहे त्यात ९ फुटी स्टँड घेऊन काय करणार? छत आडवे येईल. गादीवर पसरलेले थान किंवा दांडीवर टांगलेली साडी यांसाठी ७ फुटी स्टँड पुरतो. मात्र स्टँड किती वर जातो याबरोबर किती खाली येतो तेही विचारावे. विणीचा पोत दाखवायचा असेल तर दिवा कापडाच्या बाजूला, अगदी खाली ठेवून उजेड आडवा सोडावा लागतो. तेव्हाच सूत उठून दिसते. समोरून पडलेल्या सपाट उजेडात हातमाग आणि पॉवरलूम सारखेच दिसतात.

आडव्या उजेडात तुटलेला धागा, गाठ आणि डागही दिसतात, म्हणून काही व्यापारी तो टाळतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपणा सर्वांना माहीत आहे. डागी थान डागी म्हणूनच दाखवावे आणि त्याचा भाव वेगळा सांगावा.

आता दुकानात स्टँड पारखायचा कसा, ते पाहू. सीताबर्डीवर घ्या किंवा मुंबईला गेल्यावर फोर्टच्या बोराबझारात घ्या, आपला दिवा बरोबर न्यावा. स्टँड पूर्ण उघडून सर्व नॉब कसावेत आणि वरच्या टोकावर तळहाताने दाब द्यावा. नळी खाली सरकली तर तो स्टँड परत करावा. मग वरचे टोक हलकेच हलवावे. थोडे डोलणे चालेल, पण पायांच्या रिबिटांत खडखड होऊ नये. सर्वात वरची नळी करंगळीएवढी बारीक असेल तर त्यावर सॉफ्टबॉक्स लावण्याचा विचार सोडावा. खोक्यावर छापलेले किलो हे सरळ वर ठेवलेल्या वजनाचे असतात. पुढे झुकलेल्या सॉफ्टबॉक्सचा भार त्याहून अवघड असतो.

वरची खुंटी जरूर पाहावी. ५/८ इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरची खुंटी असेल तर स्टुडिओचे बहुतेक दिवे तिच्यावर बसतात. अगदी स्वस्त स्टँडला नुसता पाव इंची आट्यांचा स्क्रू असतो. त्यावर मोबाईलचा किंवा लहान एलईडीचा भार ठीक आहे, मोठ्या दिव्याला तो भरवशाचा नाही. काही स्टँडच्या नळीत हवेची गादी असते. चुकून नॉब सैल झाला तर दिवा आदळत नाही, सावकाश खाली येतो. बोट चेमटण्यापासूनही वाचते. थोडे जास्त पैसे पडले तरी ही सोय घ्यावी.

लोखंडी की ॲल्युमिनियमचा? दुकानातून हलवायचा नसेल तर लोखंडी बरा, त्याचे वजनच त्याला धरून ठेवते. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून कोरड्या फडक्याने पुसत जावे. आपले काही होतकरू तरुण दुकानोदुकानी जाऊन मालाचे फोटो काढून देण्याचा धंदा करतात. त्यांना मोटरसायकलवर कामठीपर्यंत जायचे असते, त्यांच्यासाठी ॲल्युमिनियम. पाय उलटे वर दुमडणारे स्टँडही मिळतात. ते मिटल्यावर जेमतेम दीड-पावणेदोन फुटांचे होतात आणि पिशवीत मावतात. पण ते अंगाने हलके असतात, म्हणून वाळूच्या पिशवीशिवाय ते उघडूच नयेत. पिशवी रिकामी न्यावी, वाळू किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या गिऱ्हाइकाकडे मिळतातच.

उभारण्याची रीतही शिकून घ्यावी. पाय इतके उघडावेत की त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या जमिनीशी समांतर होतील. उंची वाढवताना खालची जाड नळी आधी काढावी, बारीक शेवटी. दिवा ज्या बाजूला झुकला आहे त्या बाजूला एक पाय यायला हवा. वायर दांड्याला गुंडाळून पायाशी उतरवावी आणि वाटेत असेल तिथे फरशीला चिकटपट्टीने दाबावी. बऱ्याचदा स्टँड पडतो तो वायरीत पाय अडकूनच. पाय जिथे टेकतात तिथे फरशीवर रंगाच्या तीन खुणा कराव्यात आणि नळीवरही उंचीची खूण करावी, म्हणजे महिन्याभराने आलेल्या मालाचा फोटोही जुन्या फोटोशी जुळेल. एवढे करून खिडकीचा उजेड किंवा ट्यूबलाईट मध्ये आली तर मेहनत फुकट. पडदा ओढावा, ट्यूब बंद करावी. दिवा घेताना त्याचा सीआरआय ९५ किंवा वर आहे ना, तेवढे खोक्यावर वाचावे.

ज्यांची जीएसटीत नियमित नोंदणी आहे त्यांनी आपला नंबर घालून पक्के बिल घ्यावे. धंद्यासाठी घेतलेल्या सामानावरचा कर वजा मिळतो. कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना ही सवलत नाही. दोन स्टँडसाठी व्याजाच्या हप्त्यात पडू नये. आधी एक रोखीने घ्यावा, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कापडाची चौकट उभी करून उजेड परतवावा. दुसरा स्टँड पुढच्या सीझनला.

वाळूची पिशवी विकत आणायची गरज नाही. जाड कॅनव्हासचे दोन कप्पे शिवून मध्ये पट्टा ठेवावा, दोन्ही कप्पे पायाच्या दोन बाजूंना लोंबतील असे. शिलाई दुहेरी हवी. वाळू आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग कप्प्यात भरावी, नाही तर ती बारीक गळत राहते आणि पांढऱ्या थानावर बसते.