सुतळीचे टोक

मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय सुरू केले. पुढे सातारा, सांगली आणि कर्नाटकातूनही रुग्ण येथे येऊ लागले.

आठवीतील एका मुलाचे आजोबा कऱ्हाडहून असेच मिरजेला आले. त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ते मूत्रपिंड काढले. मुलगा वर्गात गप्प बसू लागला.

सरांनी विचारले, "काय रे, काय झाले?"

"सर, अब्बा म्हणतात, मी अगदी आजोबांसारखा दिसतो. मग त्यांचा रोगही मला होईल का?"

सरांनी कपाटातून सुतळी काढली. "सांगलीच्या बाजारात हळदीची पोती अशा सुतळीने शिवतात. तिच्या टोकाला गाठ मारली नाही, तर काय होते?"

"पीळ सुटतो, सर."

"बरोबर. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांत आईवडिलांकडून आलेला वारसा असतो. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. सुतळीच्या गाठीप्रमाणे ती गुणसूत्रांना जपतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना ही टोके थोडी आखूड होतात. फार आखूड झाली की पेशीची वाढ थांबते. ही टोके गुणसूत्रांना कशी जपतात, या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले."

"मग लांब टोके चांगलीच की, सर!"

"तसे वाटते खरे. फार आखूड टोकांमुळे काही रोग होतात. पण टोके लांब असली, तर पेशी जास्त वेळा वाढू शकते. तेवढ्या काळात तिच्यात चुका साठू शकतात. बिघडलेली पेशीही वाढतच राहते. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मतःच लांब टोकांचा वारसा मिळालेल्यांना या रोगाचा धोका अधिक दिसला."

मुलाचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "घाबरू नकोस. धोका अधिक म्हणजे रोग होणारच, असे नाही. लांब टोके असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही. टोके आपल्या हाती नाहीत. पण धूम्रपान, लठ्ठपणा आणि रक्तदाब यांनीही हा धोका वाढतो. त्यांना आवर घालणे आपल्या हाती आहे. लघवीतून रक्त गेले, तर लाजू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. घरात अनेकांना हा रोग झाला असेल, तर तेही सांगावे."

संध्याकाळी मुलगा दवाखान्यात गेला. "आजोबा, आता विडी ओढायची नाही हं!"

आजोबा हसले. त्यांनी नातवाचा हात धरला. "नाही ओढणार, बेटा. पण तूही कधी हात लावू नकोस."

शब्दार्थ
मूत्रपिंड – गुर्दा
वारसा – विरासत
पीळ सुटणे – धागे वेगळे होणे
चेहरा उतरणे – निराश होणे

स्वाध्याय
१. मुलगा वर्गात गप्प का बसू लागला?
२. सरांनी सुतळीचे उदाहरण का दिले?
३. 'लांब टोके चांगलीच' हे मुलाचे म्हणणे पूर्ण बरोबर का नाही?
४. 'आवर घालणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.