बेस सुरात कोण लावायचं?

प्रश्न : 'पिंक फ्लॉइड'चे रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिल्मोर वेगळे होऊन एवढी वर्षं झाली, तरी भांडण मिटत नाही. वॉटर्स म्हणतो, सगळं मीच केलं. गिल्मोरचे चाहते म्हणतात, वॉटर्सला स्वतःचा बेस गिटारसुद्धा सुरात लावता येत नव्हता. यात खरं काय? आणि दोघांत जास्त संगीत कुणात आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बेसपासूनच सुरुवात करू, कारण सगळा खवचटपणा तिथेच साठला आहे. वॉटर्सचा बेस कीबोर्डवाला रिक राइट लावून द्यायचा, ही गोष्ट बँडभोवती कायम सांगितली जाते. गिल्मोर आणि राइट आपल्याला सुराचा कान नसलेला माणूस समजत, हे तर वॉटर्सने स्वतःच मुलाखतीत सांगितलं आहे, आणि ते सांगताना जुनी जखम अजून ओली असल्याचं लपत नाही. पुढचं नुसत्या गप्पांवर सोडायची गरज नाही, ते ध्वनिमुद्रणात आहे. 1977 च्या 'अ‍ॅनिमल्स'मधल्या 'पिग्ज' आणि 'शीप'मधला बेस गिल्मोरने वाजवला आहे. 'द वॉल'मधल्या 'हे यू'चा तो घरंगळत जाणारा, पडदे नसलेला बेसही त्याचाच. बेसवादकांच्या लोकप्रियतेच्या कौलात वॉटर्सचं नाव वर आलं की तो येऊन आपले आभार मानायचा, असं गिल्मोरने एका मुलाखतीत मिस्कीलपणे सांगितलं होतं.

हातातला सूर हीच कसोटी असेल, तर निकाल इथेच लागला. गिल्मोर तार ओढून जी मींड घेतो, ती नेमक्या स्वरावर जाऊन थांबते. दोन स्वरांच्या मधल्या जागेत तो किती वेळ रेंगाळतो, हे ऐकायला आपल्या कानांना फार आवडतं. महाराष्ट्रात ज्यांनी रॉक फारसं ऐकलेलं नाही त्यांनाही गिल्मोर चटकन भावतो, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. वेगाने वाजवणारे त्याच्यापेक्षा कितीतरी सापडतील.

पण आता 'मनी' घ्या. 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधलं हे गाणं एकट्या वॉटर्सच्या नावावर आहे. सुरुवातीला नाणी आणि गल्ल्याचे आवाज आहेत, त्यातली नाणी त्याने बायकोच्या मातीकामाच्या भांड्यात टाकून टेप केली होती. ते आवाज सात मात्रांत कापून जोडले आणि त्याच सात मात्रांवर बेसची ओळ बसवली. आपल्या रूपकाच्याही मात्रा सातच, फक्त वजन वेगळं पडतं. जगभर कोट्यवधी लोकांनी ज्यावर नकळत ठेका धरला, ते सातचं आवर्तन ज्याला 'कान नाही' त्या माणसाचं आहे. आणि गिल्मोरचा गिटार सोलो सुरू झाला, की गाणं चुपचाप चार मात्रांत येतं. चारात वाजवणं त्याला सोयीचं होतं. म्हणजे ज्याच्या हातात सूर, त्याला लय सोपी करून हवी होती. सातचा पेच टाकणारा मात्र तंतुवाद्यावर बेताचाच. आता यातला 'जास्त संगीतवाला' कुणाला म्हणायचं?

माझं मत असं, की दोघे एकाच शब्दावरून भांडतात, पण शब्दाचा अर्थ दोघांचा वेगळा आहे. गिल्मोरच्या लेखी संगीत म्हणजे स्वर, नाद, एखादी जागा. वॉटर्सच्या लेखी ते म्हणजे मांडणी. तो लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये स्थापत्य शिकत होता (राइट आणि ड्रमर निक मेसनही तिथलेच). 'डार्क साइड' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांवरच संपते. मधल्या कुजबुजी मिळवण्यासाठी वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि अ‍ॅबी रोड स्टुडिओत सापडेल त्याला उत्तरं द्यायला बसवलं. त्यात तिथला दरवानही होता. कुठल्या गाण्यानंतर काय यावं, कुठे शांतता ठेवावी, हे ठरवायलाही कानच लागतो. मैफल आखणाऱ्या गवयाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हे भांडण सहसा होत नाही, कारण पाट्या आधीच लागलेल्या असतात. 'गीतरामायण' म्हटलं की शब्द गदिमांचे आणि चाल बाबूजींची. जास्त संगीत कुणात, हा प्रश्न कुणी विचारत नाही. रॉक बँडमध्ये गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक एकाच घरात राहतात, आणि घर म्हटलं की वाटणीही आलीच.

वाटणीतच खरी मेख आहे. छापील श्रेय आणि त्यामागून येणारं मानधन रचनाकाराला मिळतं, म्हणजे ज्याने शब्द आणि चाल केली त्याला. सोलो वाजवणाऱ्याला रचनेत सहसा काही मिळत नाही. 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये क्लेअर टॉरी शब्दांशिवाय गायली. ते आलाप तिने स्टुडिओत उभ्या उभ्या सुचतील तसे घेतले, आणि त्या दिवसाचे तिला 30 पौंड मिळाले. 2004 मध्ये ती कोर्टात गेली, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि राइटबरोबर तिचं नाव रचनाकार म्हणून लागलं. तीस वर्षांनी! हा कायदा माहीत असला की वॉटर्सचं 'मी लिहिलं' आणि गिल्मोरचं 'मी वाजवलं' यांतला सगळा ताण नुसता अहंकाराचा नाही, हे कळतं.

'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये हा ताण सरळ ऐकू येतो. चालीचा मूळ खर्डा गिल्मोरचा, त्याच्या स्वतंत्र अल्बमच्या वेळचा. शब्द वॉटर्सचे. वॉटर्स आणि निर्माता बॉब एझ्रिन यांना त्यावर मायकल केमनचा वाद्यवृंद हवा होता, तर गिल्मोरला रूप उघडंबोडकं, खरखरीत हवं होतं. कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी गाणंच वाटून घेतलं गेलं. अंगात वाद्यवृंद, शेवटच्या सोलोला गिल्मोरचं रूप. तो सोलोही एका झटक्यात आलेला नाही. गिल्मोरने पाच-सहा वेळा वाजवलं, त्यातल्या चांगल्या जागांवर कागदावर खुणा केल्या आणि त्या जोडून तो बनवला. म्हणजे मांडणी त्यालाही येत होतीच.

पुढचा इतिहास थोडक्यात. 1985 च्या अखेरीस वॉटर्स बाहेर पडला, बँडच्या नावावरून वर्षभरात कोर्टात गेला आणि 1987 च्या डिसेंबरात गिल्मोरच्या 'अस्टोरिया' या होडीवर समझोता झाला. 'पिंक फ्लॉइड' हे नाव गिल्मोर-मेसनकडे, 'द वॉल' वॉटर्सकडे. त्यानंतर दोघांनी काय केलं, ते जास्त बोलकं आहे. गिल्मोरने शब्द बाहेरून घेतले. 1994 च्या 'द डिव्हिजन बेल'पासून त्याची बरीच गाणी पॉली सॅमसनने लिहिली आहेत, जी पुढे त्याची बायको झाली. वॉटर्सने गिटार बाहेरून घेतली. 2007 मध्ये तो मुंबईत 'डार्क साइड' सादर करायला आला, त्या दौऱ्यात गिल्मोरचे सोलो डेव्ह किलमिन्स्टर जवळपास जसेच्या तसे वाजवत होता. मग 2023 मध्ये वॉटर्सने 'डार्क साइड' एकट्याने पुन्हा ध्वनिमुद्रित केली, सोलो काढून टाकून त्या जागी आपलं बोलणं घातलं. त्याच वर्षी एका ब्रिटिश दैनिकाला त्याने ठणकावून सांगितलं, की ती रचना माझी, 'आम्ही'ची भाषा आता पुरे. मी ती नवी आवृत्ती दोनदा ऐकली. शब्द ठसठशीत ऐकू येतात, पण 'टाइम'मध्ये सोलोची वेळ आली की कान दाराकडे बघत बसतात.

आणि तुम्ही न विचारलेला तिसरा माणूस. 'अस अँड देम'ची चाल राइटची. ती त्याने आधी अँटोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी केली होती, दिग्दर्शकाने नाकारली. 'ब्रीद'मधला एक स्वरगुच्छ त्याने माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून उचलल्याचं मोकळेपणाने सांगितलं. ज्या गालिच्यावर वॉटर्सचे शब्द आणि गिल्मोरची मींड टेकते, तो त्याने विणला. 'द वॉल'च्या वेळी वॉटर्सने त्याला बँडबाहेर काढलं आणि नंतरच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून बसला. 2008 मध्ये तो गेला. तुम्ही माझ्याकडून एकच नाव काढून घेणार असाल, तर मी राइटचं घेईन. बाकीचे दोघे मला माफ करणार नाहीत, पण ते एकमेकांनाही करत नाहीत.

एक किस्सा सांगून पुरे करतो. 2010 मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात गिल्मोरने वॉटर्सला 'टु नो हिम इज टु लव्ह हिम' हे जुनं गाणं गायला सांगितलं. वॉटर्स गडबडला, आवाज सुरात लागेल की नाही याची त्याला धास्ती होती. गिल्मोरने सौदा टाकला : तू हे गा, मी तुझ्या 'द वॉल'च्या एका प्रयोगात 'कम्फर्टेबली नम्ब' वाजवतो. वॉटर्स गायला. 12 मे 2011 ला लंडनच्या ओ-टू सभागृहात गिल्मोर खरोखरच प्रयोगात मंचावर उभारलेल्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहिला आणि खाली वॉटर्स होता. भिंत पडल्यावर शेवटच्या गाण्याला मेसनही आला. तेव्हा गिल्मोरच्या हातात मँडोलिन होतं, मेसनच्या हातात खंजिरी आणि वॉटर्सच्या हातात ट्रम्पेट. बेस त्या गाण्यात त्या तिघांपैकी कुणाकडेच नव्हता.