मृदू बीजोद्दीपन : वैद्यांसाठी काही विचार

वंध्यत्वासाठी येणारी अनेक जोडपी हल्ली टेस्ट ट्यूब केंद्राचा कागद हातात घेऊनच वैद्याकडे येतात. नंदनवन परिसरातील वैद्यांनाही हा अनुभव नवा नाही. ‘सौम्य पद्धत घ्यावी की नेहमीची?’ असे विचारले जाते, आणि ‘मृदू’ शब्द ऐकताच आपला कौल तिकडे पडतो. म्हणून त्यामागील शास्त्र नीट पाहणे इष्ट आहे.

प्रत्येक मासिक चक्रात अनेक बीजपुटके वाढू लागतात. एफएसएच उतरले की एक टिकते, बाकीची क्षीण होतात. रूढ पद्धतीत ही उतरण होऊच देत नाहीत. तिच्या दीर्घ प्रकारात आधीच्या चक्राच्या उत्तरार्धापासून पिट्युटरी ग्रंथीचे कार्य दडपतात व नंतर साधारण १० ते १२ दिवस रोज १५० ते ३०० एकक गोनॅडोट्रॉपिन देतात. मृदू पद्धतीत स्त्रीचे स्वतःचे चक्र चालू ठेवून क्लोमिफेन वा लेट्रोझोलच्या गोळ्या, अथवा १५० एककांपर्यंतची मात्रा देतात. अपेक्षा सामान्यतः २ ते ७ स्त्रीबीजांची असते. (आपल्या २०२१ च्या कायद्यानेही दात्या स्त्रीकडून ७ पेक्षा अधिक बीजे घेण्यास मनाई केली आहे.)

१९७८ साली जन्मलेली लुईस ब्राऊन नैसर्गिक चक्रातील एकाच बीजाची. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी मात्र गोनॅडोट्रॉपिन वापरले होते. म्हणजे दोन्ही विचार आरंभापासूनचेच.

नेदरलँड्समधील ४०४ स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात पूर्ण दिवसांचे जिवंत बाळ होण्याचे प्रमाण मृदू गटात ४३.४ टक्के, रूढ गटात ४४.७ टक्के होते. जुळ्यांसह बहुगर्भधारणा मात्र ०.५ विरुद्ध १३.१ टक्के! तथापि मृदू गटात एकच गर्भ सोडला जाई, दुसऱ्यात दोन. तेव्हा हे सारे श्रेय मृदुत्वाला देता येणार नाही.

सुश्रुताचार्यांनी ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज हे चार घटक सांगितले. इंजेक्शनाने बीजांची संख्या वाढते, वयाने उणावलेली बीजाची गुणवत्ता परत येत नाही. जिची बीजसंपदाच अल्प आहे तिला मोठ्या मात्रेने फारसे अधिक मिळत नाही. पण बीजसंपदा चांगली असलेल्या, गर्भ गोठवून पुढील अपत्यासाठी ठेवू इच्छिणाऱ्या पस्तिशीतल्या स्त्रीला केवळ ‘सौम्य’ म्हणून मृदू पद्धत सुचवणे तिच्या हिताचे नाही. तिची चक्रे व खर्च वाढू शकतो.

पीसीओएसच्या रुग्णेत मात्र मात्रेचे महत्त्व मोठे, कारण बीजकोषाच्या अतिउद्दीपनाचा धोका तिलाच अधिक. शोधनकर्म करावयाचे तर चक्रापूर्वी. उद्दीपन सुरू असता नाही. चालू औषधेही केंद्रास कळवावीत. बीज काढल्यानंतरच्या दिवसांत पोट फुगणे, उलट्या, मूत्राल्पता, झपाट्याने वजनवाढ वा धाप अशी लक्षणे घेऊन ती आपल्याकडे आली, तर त्यास आध्मान समजून विरेचन देऊ नये. पोटात द्रव साचतो, रक्त घट्ट होते आणि गुठळ्या होण्याचा संभव असतो. गर्भ राहिल्यास हा उपद्रव दहा-बारा दिवसांनंतरही उद्भवतो. अशा रुग्णेस त्याच दिवशी तिच्या केंद्राकडे पाठवावे.