जुन्या घराची डागडुजी

दोन खण, पुढे ओसरी आणि मागे परस असे जुने घर सोयगावात नीटनेटके करायचे म्हटले, की पहिला विचार सिमेंटचा येतो. तो तपासून पाहावा असे मला वाटते.

अशा घराच्या भिंती बहुधा दगडमातीच्या आणि माथ्यावर मातीचे माळवद. त्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहते. परंतु गळती थांबावी म्हणून दरसाल नवी माती टाकली, की छताचे ओझे वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा अशीच जड छपरे व आरपार दगड नसलेल्या भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. म्हणून आधी जादा माती उतरवावी, भिंतींत आरपार दगड बसवावेत. रंगाचा विचार नंतर.

गिलाव्याचा धडा तर याच तालुक्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली तूस व तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा असून त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. मातीच्या भिंतीला सिमेंट लिंपल्यास आतली ओल अडकते. चुना तिला बाहेर पडू देतो.

परसातल्या केळीला व अळवाला न्हाणीचे पाणी पुरते. मात्र ती पायापासून दूर हवीत, नाहीतर भिंतीत ओल शिरते. पश्चिमेस जरा अंतरावर कडुनिंब असला, तर दुपारचे ऊन अडते.

जुने सारे राखावे किंवा सारे पाडावे, ही दोन्ही टोके मला पटत नाहीत. कामाला हात घालण्यापूर्वी जाणत्या गवंड्याला बरोबर घेऊन घर एकदा नीट पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे.