थंडीच्या अखेरीस परसबागेची फेरआखणी : देवनार भागासाठी काही सूचना

परसबाग म्हणजे घरामागील मोकळ्या जागेत सवडीने टाकलेले बी नव्हे. शेताप्रमाणेच तिलाही हंगाम, ऊन, पाणी आणि माती यांचा हिशेब लागतो. हा हिशेब मांडण्यास थंडीच्या अखेरचे दिवस सर्वांत सोयीचे असतात. मेथी, कोबी, टोमॅटो ही पिके संपत आलेली असतात, वाफे मोकळे होत असतात आणि रथसप्तमीनंतर ऊन चढू लागले तरी ते असह्य झालेले नसते. पावसाळ्यास चार महिने असतात. या काळात केलेला बदल वर्षभर उपयोगी पडतो. तो टाळल्यास भर उन्हाळ्यात बाग ओस पडते.

देवनार हे ठाण्याच्या खाडीलगतचे, दाट वस्तीने वेढलेले उपनगर आहे. तरीही गावठाणातील घरांमागे व वसाहतींतील तळमजल्यांपुढे परसबागेपुरती जागा अनेक ठिकाणी मिळते. अशा जागेची आखणी करताना पुढील चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. माती प्रथम

देवनारच्या कचराभूमीवर १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या मोठ्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. शिवाय खाडीकाठच्या सखल जागा भरताना मिळेल तो भराव वापरला जाणे नवीन नाही. यावरून या भागातील सर्वच माती वाईट ठरवणे चुकीचे होईल. परंतु वरून चांगली दिसणारी माती खालपर्यंत चांगली असेलच, असे मात्र कोणी गृहीत धरू नये.

काही वर्षांपूर्वी एका परसात शेवग्यासाठी खड्डा काढण्यास मी सांगितले. शेजारीच मेथीचा हिरवागार वाफा होता. तो मी आदल्या भेटीत पाहिला होता आणि त्याची वाखाणणीही केली होती. वीतभर माती निघताच खाली काचा, प्लॅस्टिक आणि जळलेल्या कचऱ्याची काळी राख लागली. घरातील आजी म्हणाल्या, “साहेब, माती काळी आहे म्हणून आम्ही चांगली समजलो. नातवंडे याच वाफ्यातली भाजी खातात.” चूक त्यांची नव्हती. माती न उकरता पिकाची वाखाणणी करणाऱ्या माझी होती. त्या दिवसापासून खड्डा पाहिल्याखेरीज मी वाफ्याची जागा सांगत नाही.

प्रत्येक परसात दोन-तीन ठिकाणी हातभर खोल खड्डा घ्यावा. काच, प्लॅस्टिक, राख किंवा बांधकामाचा चुरा आढळल्यास तेथे जमिनीत पालेभाजी व मुळा, गाजर, बीट लावू नये. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत असल्यास पाने व मुळे यांवाटे ते पोटात जाण्याचा धोका फळभाज्यांपेक्षा अधिक असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष बाधक आहे. येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व मुख्य अन्नद्रव्ये कळतात. जड धातूंची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते.

अशा जागी उंच वाफा करावा. विटांचा ३० सेंटिमीटर उंच कठडा रचावा, तळाशी जाड गोणपाटाचे दोन-तीन थर घालावेत व पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी. ओळखीच्या ठिकाणची चांगली माती, पूर्ण कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट आणि पालापाचोळा समप्रमाणात मिसळून वाफा भरावा. गोणपाट कालांतराने कुजतो. म्हणून दरवर्षी वाफा उकरताना तळ पाहावा व थर पुन्हा घालावा. मिश्र कचऱ्याचे खत व जाळलेल्या कचऱ्याची राख कटाक्षाने टाळावी. माती वाईट म्हणून बाग सोडण्याचे कारण नाही. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकातील ओल्या कचऱ्याचे खत करून भाज्या व फळझाडे वाढविण्यात आली. तेथे तर पायाखाली जमीनच नव्हती.

जमीन स्वच्छ पण खारवट असल्यास पालक व गवार घ्यावी. घेवडा तेथे तग धरत नाही.

२. ऊन व सावली

कागदावर परसाचा साधा नकाशा काढून सकाळी, दुपारी व संध्याकाळी सावली कोठे पडते ते मांडावे. मात्र ही सावली कायमची समजू नये. दक्षिणेस तीन मीटर उंच भिंत असेल, तर जानेवारीअखेर तिची मध्यान्हीची सावली सुमारे सव्वादोन मीटर पडते. मेच्या मध्यास सूर्य मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर येतो व तीच सावली नाहीशी होते. सबब आज थंड वाटणारा कोपरा उन्हाळ्यात तापतो. कोवळ्या पालेभाजीस अशा कोपऱ्यात पश्चिमेकडून मांडवाचा आडोसा द्यावा.

३. पाणी

उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्यास दररोज सुमारे ५ लिटर पाणी लागते, असे ढोबळमानाने धरावे. तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद वाफ्यास मोठी बादलीभर पाणी हवे. घरातून रोज किती बादल्या मिळतील तितकेच वाफे ठेवावेत. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे पाणी पालेभाजीस घालू नये. नाल्याचे पाणी तर कोणत्याही पिकास देऊ नये. पाणी संध्याकाळी द्यावे व वाफ्यावर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे.

४. काय काढावे, काय लावावे

कीड लागलेली जुनी वांगी व टोमॅटोची झाडे मुळासकट उपटून टाकावीत. वालाचा मांडव मोडू नये. शेवटच्या शेंगा निघत असतानाच त्याच्या बुडाशी आळी करून दोडका, कारली किंवा दुधीचे बी टोकावे. वाल वाळेपर्यंत नवे वेल वर चढतात आणि मांडवाचा खर्च वाचतो. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे दोडक्याचे ‘कोकण हरिता’ व कारल्याचे ‘कोकण तारा’ हे वाण आहेत. फळमाशीने डागलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत.

भेंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरावी. बी रात्रभर भिजवावे. सुमारे दीड महिन्याने तोडणी सुरू होते. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड त्वरित उपटावे, कारण पांढरी माशी हा रोग पसरवते. माठ महिन्याभरात काढणीस येतो; तो थोडा थोडा, पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावा.

लिंबू, शेवगा ही कायमची झाडे आता लावू नयेत. मार्चमध्ये ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत आणि पहिल्या पावसानंतर रोपे लावावीत. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या जागेत पपई टिकत नाही. तिला उंचवटा द्यावा.

कार्यकर्त्यांसाठी

घरी भेट देताना बियाण्याचे पाकीट नंतर काढावे, आधी कुदळ मागावी. या जागेवर पूर्वी काय होते, रोज किती बादल्या पाणी मिळते आणि भाजी खाणारी लहान मुले घरात आहेत काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे ऐकून मगच वाफ्यांची जागा ठरवावी. परसबागेचे उद्दिष्ट घरातील मुलांच्या ताटात ताजी व निर्धोक भाजी पडावी हेच आहे. हिरवेपणावर भुलून त्यातील ‘निर्धोक’ हा शब्द आपण विसरता कामा नये.