जात्यावरची गाणी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे माझे गाव. माझ्या लहानपणी कोंबडा आरवण्यापूर्वीच येथे घरोघरी जात्यांची घरघर सुरू होई आणि त्या लयीवर आई ओव्या गाई. तिचे माहेर, तेथील विहीर, बांधावरचे बाभळीचे झाड, सारे त्या ओव्यांत येई. आम्ही अर्धवट झोपेत ते ऐकत असू. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. आता ते लग्नाची हळद दळण्यापुरतेच बाहेर निघते. जाते थांबले, तशा ओव्याही मुक्या झाल्या.

या ओव्या आठवल्या की मला खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांचे स्मरण होते. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या असोदे या गावी महाजन कुटुंबात झाला. विवाहानंतर त्या जळगावास चौधरी यांच्या घरी आल्या. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. मुलांचा आणि शेतीचा भार त्यांच्यावर पडला. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु घरोटे फिरवताना, शेतात राबताना त्यांच्या मुखातून गाणी सहज स्फुरत. शब्द त्यांचेच आणि गळाही त्यांचाच.

या गाण्यांतून खानदेशची भूमीच बोलते. पेरणी, कापणी, मळणी, विहिरीवरची मोट, झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा, आणि माहेराकडे नेणारी वाट हे त्यांचे विषय. बालपणी पाहिलेला परिसर त्यांच्या मनात इतका खोल रुजला होता, की संसाराचे सुखदुःख सांगतानाही त्यांना शेतातलेच दाखले सुचत. भाषाही घरातलीच, लेवा समाजाच्या बोलीची. छापखान्यावरही त्यांनी गाणे रचले आहे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनी छापील कागदाविषयी विचार करावा, ही केवढी नवलाची गोष्ट!

तथापि, ही गाणी हवेत विरून जाण्यास कितीसा अवकाश होता? त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्रे यांनी तिचे मोल तत्काळ ओळखले. आणि १९५२ साली, त्यांच्याच प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटामुळे ती गाणी घराघरांत पोहोचली. २०१८ साली जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी शाळेत पाऊल टाकले नाही, त्यांच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात!

मुलांनो, बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात शंका नाही. परंतु ती आपल्यापर्यंत पोहोचली, ती कोणीतरी लेखणी हाती घेतली म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्याही अशाच निष्ठेने.

मी मराठी विषय घेऊन एम. ए. झालो, मुख्याध्यापक झालो, विद्यार्थ्यांना ओवीची लक्षणे शिकविली. परंतु माझ्या आईची एकही ओवी मी लिहून घेतली नाही. ती आहे तोवर ‘पुढे केव्हातरी’ असे म्हणत राहिलो. आज तिच्या ओव्यांची लय कानात आहे. शब्द मात्र हरपले आहेत. ही चूक तुम्ही करू नका. आज सायंकाळी आजीजवळ बसा, तिला गाण्यास विनवा, आणि ती म्हणेल ते तिच्याच बोलीत, एक अक्षरही न बदलता लिहून घ्या.

शब्दार्थ : घरोटे – जाते, खोपा – घरटे, आप्त – नातलग, निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय
१. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली?
२. लेखकाला कोणत्या गोष्टीची खंत वाटते? का?
३. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून दोन ओव्या मिळवून वहीत लिहा.