उत्तर मॅसिडोनिया आणि युरोपीय संघ : नाव बदलूनही दार बंद का?

एखाद्या संघटनेत प्रवेश मिळावा म्हणून एखादा देश चक्क स्वतःचं नाव बदलेल का? उत्तर मॅसिडोनियाने बदललं. तरीही तो आज दाराबाहेरच उभा आहे. असं का झालं हे समजून घेतलं, की युरोपीय संघाचा कारभार कसा चालतो हेही लक्षात येईल.

प्रवेशाची पद्धत

युरोपीय संघात सध्या 27 देश आहेत. नव्या सदस्यांसाठीच्या अटी 1993 साली कोपनहेगन येथे ठरल्या. स्थिर लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचे संरक्षण, सक्षम बाजारव्यवस्था आणि संघाचे कायदे राबवण्याची क्षमता या त्या अटी. 'उमेदवार देश' हा दर्जा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असं समजू नका. त्यानंतर न्यायव्यवस्था, शेती, पर्यावरण अशा 35 प्रकरणांवर वाटाघाटी होतात. आणि खरी मेख पुढेच आहे : महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्यावर सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. एकाने जरी 'नाही' म्हटलं, की गाडी थांबली!

पहिला अडथळा : ग्रीस

1991 साली युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या या देशाने 'मॅसिडोनिया' हे नाव ठेवलं. शेजारच्या ग्रीसच्या उत्तर भागाचं नावही मॅसिडोनियाच. हे नाव आणि सम्राट अलेक्झांडरचा वारसा आमचा, असं ग्रीसचं म्हणणं. 2005 साली उमेदवारीचा दर्जा मिळाला, 2009 साली युरोपीय आयोगाने वाटाघाटी सुरू करण्याची शिफारसही केली. पण ग्रीसच्या विरोधामुळे सगळं अडलं.

अखेर जून 2018 मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला. पंतप्रधान झोरान झाएव यांनी मोठा राजकीय धोका पत्करला होता. सार्वमतात मतदान निम्म्याहूनही कमी झालं, तरी संसदेने दोन तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती केली. फेब्रुवारी 2019 पासून 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव लागू झालं. मार्च 2020 मध्ये देश नाटोचा सदस्य झाला.

दुसरा अडथळा : बल्गेरिया

आता तरी वाट मोकळी होईल, असं वाटलं ना? आधी ऑक्टोबर 2019 मध्ये फ्रान्सने प्रवेशाची पद्धतच सुधारा म्हणून अडवलं. मग नोव्हेंबर 2020 मध्ये बल्गेरियाने नकाराधिकार वापरला. गंमत पाहा, 1992 साली या देशाच्या स्वातंत्र्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश बल्गेरियाच! पण मॅसिडोनियन भाषा ही वेगळी भाषा आहे, हे त्याला मान्य नाही आणि इतिहासावरूनही वाद आहेत.

2022 साली फ्रान्सच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. अट अशी की, राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करायचा. 2021 च्या जनगणनेत सुमारे 18 लाख लोकसंख्येत बल्गेरियन म्हणून नोंद झालेले लोक होते साधारण साडेतीन हजार. घटनादुरुस्तीसाठी 120 पैकी 80 मतं हवीत आणि ती जुळली नाहीत. बल्गेरिया म्हणतो, कबूल केलं ते पाळा. 2024 साली सत्तेवर आलेले पंतप्रधान ह्रिस्तियान मित्स्कोस्की म्हणतात, पुढे नवी मागणी येणार नाही याची हमी द्या. याच प्रवासात जोडीने चालणारा अल्बेनिया मात्र ऑक्टोबर 2024 मध्ये पुढे निघून गेला.

यातून काय शिकायचं?

एकमताच्या नियमामुळे लहान सदस्य देशाचाही आवाज ऐकला जातो, हे खरं. पण त्याच नियमामुळे शेजाऱ्यांची जुनी भांडणं प्रवेशाच्या अटी बनतात. न्यायालये सुधारणे, भ्रष्टाचार रोखणे ही खरी कामं उत्तर मॅसिडोनियात अजून बाकी आहेत. पण अभ्यास करूनही परीक्षेची तारीख सारखी पुढे जात असेल, तर अभ्यासाची उमेद टिकेल का? आणि तसं झालं तर नुकसान त्या देशाच्या तरुणांचं, तसंच युरोपच्या शब्दाच्या किमतीचंही.

विचार करा

1. 'उमेदवार देश' आणि 'सदस्य देश' यांतील फरक स्पष्ट करा.
2. प्रवेशाचे निर्णय एकमताऐवजी बहुमताने घेतले, तर कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा होईल?
3. तुम्ही उत्तर मॅसिडोनियाचे खासदार असता, तर घटनादुरुस्तीच्या बाजूने मत दिलं असतं का? कारणे लिहा.